समुद्राच्या वाळूत गाडी : मराठवाड्यातून कोकणात जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

परभणीतलं आमचं गॅरेज मुळात ट्रॅक्टर, जीप आणि पिकअपचं. गेल्या काही वर्षांत थार, जिम्नी, स्कॉर्पिओवाले वाढले आणि दिवाळी, नाताळ, मे महिन्याची सुट्टी जवळ आली की फोन सुरू होतात. पाच-साडेपाचशे किलोमीटर गाडी हाणत समुद्रापर्यंत जायचं आणि गाडी वाळूत घालायची नाही, हे कुणाच्याच मनाला पटत नाही. तेच ते प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. एका ठिकाणी सांगितलेलं दुसरीकडं परत लिहिलेलं नाही, तिथं प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. सर, कोकणात किनाऱ्यावर गाडी घालायला परवानगी असते का?

नसते असंच धरून चाला. बहुतेक गर्दीच्या किनाऱ्यांवर ग्रामपंचायतीचा नाहीतर पोलिसांचा 'वाहने नेण्यास मनाई' असा फलक असतो. फलक दिसला नाही म्हणून परवानगी झाली असं नाही. मोटार वाहन कायद्यात 'सार्वजनिक जागा' म्हणजे नुसता रस्ता नव्हे, लोकांना जायचा हक्क आहे अशी कुठलीही जागा त्यात येते. म्हणजे लायसन, विमा, नंबरप्लेट हे सगळं किनाऱ्यावरही लागतं आणि बेदरकार चालवल्याचं कलम १८४ तिथंही लागतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात हाच गुन्हा कलम २८१ मध्ये आहे. शिवाय किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनुसार वाळूच्या टेकड्या सपाट करायला, मोडायला बंदी आहे. गोव्यात तर किनाऱ्यावर गाडी दिसली की गुन्हा दाखल होतो, आणि त्यात महाराष्ट्राच्या नंबरप्लेटी कमी नसतात.

कायदा बाजूला ठेवा. त्या वाळूवर कोळ्यांची जाळी पसरलेली असतात, मासळी वाळत घातलेली असते, होड्यांचे दोर वाळूत पुरलेले असतात. तुमच्या खळ्यावर सोयाबीन पसरलेलं असताना पुण्याच्या कुणी त्यावरून गाडी फिरवली तर तुम्ही काय कराल? तेच ते करतात.

मग हे पान कशाला, असं विचाराल. कारण काही घरगुती निवासांची वाटच शंभर-दीडशे मीटर वाळूतून जाते, काही ठिकाणी ग्रामपंचायत पावती घेऊन ठरावीक पट्ट्यात गाडी सोडते, आणि नाही म्हटलं तरी जाणारे जातातच. रुतल्यावर रात्री साडेनऊला फोन मलाच येतो.

२. मग राजरोस गाडी घालता येईल असा किनारा भारतात आहेच का?

आहे. केरळात कण्णूर जिल्ह्यात मुळप्पिलंगाड. चारेक किलोमीटरचा सलग, टणक वाळूचा किनारा. थोडं शुल्क भरून साधी मारुतीसुद्धा नेता येते. खडकांची रांग लाटांचा जोर मोडते, त्यामुळं तिथली वाळू बारीक आणि घट्ट बसलेली आहे. बाहेर ऑस्ट्रेलियात के'गारी बेटावर 'पंचाहत्तर मैल' नावाचा किनारा अधिकृत रस्ता म्हणूनच धरला जातो. ताशी ८० किलोमीटरची मर्यादा, पोलिसांची तपासणी, आणि वर त्याच वाळूवर लहान विमानंही उतरतात. तिथंसुद्धा गाडी नेण्याचा परवाना घ्यावा लागतो आणि भरतीच्या आगेमागे दोन-दोन तास गाडी काढू नका म्हणून सांगतात.

३. आमची गाडी पावसाळ्यात काळ्या रानातून जाते. वाळूत असं काय वेगळं असणार?

सगळं उलटं असतं, आणि आपली माणसं इथंच फसतात.

काळी माती चिकट. टायरच्या खाचांत ती भरते, टायर गुळगुळीत होतो, मग आपण रेस वाढवतो, चाक गरगर फिरतं, माती भिरकावली जाते आणि खाली कुठंतरी कडक थर लागून गाडी उसळून बाहेर येते. लहानपणापासून ट्रॅक्टरवर बसून हेच शिकलोय. वाळूला चिकटपणाच नाही. चाक जागेवर फिरलं की ते फक्त खालची वाळू उपसून मागं फेकतं. दोन-तीन सेकंद रेस दिली की चाक वीतभर खाली, आणखी दोन-तीन सेकंद दिली की गाडी पोटावर. खाली कडक थर लागेल याची आशा ठेवू नका.

म्हणून एकच सवय मोडायची : चाक फिरतंय पण गाडी हलत नाही असं वाटलं की पाय वर. चिखलात पाय दाबून सुटतो, वाळूत पाय उचलून.

४. टायरची हवा किती कमी करायची? काही जण १० सांगतात, काही २५.

वाळूत चालण्याचं बारा आणे काम हवेवर होतं, इंजिनावर नाही. नेहमीची ३०-३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असेल तर किनाऱ्यासाठी १८ ते २० वर आणा. मऊ, कोरडी वाळू असेल तर १५-१६. त्याखाली फक्त रुतल्यावर, बाहेर निघेपर्यंत. १२ च्या खाली गेलात आणि स्टिअरिंग झटक्यात वळवलं तर ट्यूबलेस टायर रिमवरून सुटतो, आणि किनाऱ्यावर तो परत बसवणं म्हणजे अख्खी संध्याकाळ गेली.

हवा कमी केली की टायर रुंद होतो असं सगळे सांगतात. खरं तर तो लांबतो. जमिनीवर टेकणारा पट्टा पुढं-मागं वाढतो, उंटाच्या तळव्यासारखा पसरतो आणि तेच वजन जास्त वाळूवर वाटलं जातं.

इथं एक खोच आहे. परभणीहून सुटून ताम्हिणी उतरून पोचेपर्यंत टायर तापलेले असतात आणि तापल्यावर हवा चार-पाच पीएसआय जास्त दाखवते. त्या वेळी १६ वर आणली आणि रात्री गाडी उभी राहिली, की सकाळी ती १३-१४ भरते. पोचल्यावर चहा घ्या, टायर हाताला कोमट लागू द्या, मग मोजा. मोजायला पंचवीस-तीस रुपयांची पेन्सिल गेज नको, घड्याळी गेज घ्या.

वाळूतून बाहेर आल्यावर परत भरणं तितकंच गरजेचं. १८ पीएसआयवर डांबरी रस्त्यानं सत्तर-ऐंशीनं गेलात तर टायरची बाजू तापून फाटते. बॅटरीवर चालणारा बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर गाडीत असल्याशिवाय हवा सोडूच नका. प्रत्येक टायरला पाचेक मिनिटं लागतात, दोन टायरनंतर कॉम्प्रेसरला थोडं थंड होऊ द्या. हवा कमी असताना चाळिसाच्या आत चालवा.

५. माझी थार आहे, पण मागच्या चाकांवर चालणारी. चालेल ना?

थारचा बिल्ला वाळूला वाचता येत नाही. २०२३ पासून फोर बाय फोर (चारही चाकांना जोर देणारी) नसलेली थारही मिळते, दिसायला सेम. ओल्या टणक पट्ट्यावर हवा उतरवून ती जाईल, पण पट्ट्यापर्यंत पोचायला मधली कोरडी वाळू ओलांडावी लागते आणि अडकते ती तिथंच. बोलेरो, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या क्रेटासारख्या गाड्या, यांनी तर घालूच नये. शंभर पावलं चालत जा, समुद्र तोच आहे.

६. मड टायर टाकलेत, आता काय टेन्शन?

उलट जरा जास्त टेन्शन घ्या. मोठ्या खाचांचा टायर चिखल उपसायला बनवलेला असतो, वाळूतही तो उपसतोच (प्रश्न ३). वाळूला सौम्य नक्षीचा, मऊ बाजूचा टायर बरा. हवा नीट कमी केली तर मड टायरवरही भागतं, फक्त रेसवर पाय हलका हवा.

७. भरती-ओहोटी कशी ओळखायची? आम्ही कधी समुद्र पाहिलेलाच नाही.

यात लाजायचं काही नाही. आपल्याकडं पाणी येतं ते धरणातून नाहीतर टँकरनं, आणि ते आपण मागितल्यावर येतं. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा न मागता येतं.

भरतीच्या वेळांचे तक्ते मोबाईलवर मिळतात, जवळच्या बंदराचा तक्ता बघा. पण किनाऱ्यावर नेटवर्क गेलं की कोळ्यांचा जुना हिशेब कामाला येतो : तिथीला पाऊणपट करा, जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. संकष्टी म्हणजे चतुर्थी, चाराची पाऊणपट तीन, तर तीन वाजता भरती, दुपारी आणि रात्री दोन्ही वेळा. त्याच्या सहा-सव्वासहा तास अलीकडं-पलीकडं ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणून ओहोटी दुपारी दोनच्या पुढं-मागं. घरात एकादशी आणि चतुर्थी पाळणारं कुणी असेल तर पाठ करायचीसुद्धा गरज नाही. अर्धा-पाऊण तास चुकू शकतं, म्हणून हा हिशेब पडताळ्यापुरता. रोज भरती साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते.

आता किती चढतं ते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी सगळ्यात वर येतं आणि सगळ्यात खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा फरक कमी. मुंबई-अलिबागकडं उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, दक्षिणेला मालवणकडं त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून अलिबागच्या किनाऱ्यावरून ओहोटीला घोडागाडी कुलाबा किल्ल्यापर्यंत जाते आणि भरतीला त्याच जागेवरून होडी लागते.

आणि पाणी सारख्या वेगानं चढत नाही. सहा तासांच्या चढतीचे बारा वाटे धरले तर पहिल्या तासात एक वाटा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. पहिल्या तासात माणूस म्हणतो, 'काही नाही रे, पाणी तिथंच आहे.' पुढच्या दोन तासांत त्याची चप्पल वाहून जाते. भरतीचा फरक तीन मीटर धरा आणि किनाऱ्याचा उतार पन्नासाला एक. तिसऱ्या तासात पाणी पाऊण मीटर चढतं, म्हणजे सदतीस मीटर किनारा खातं. एका तासात. तुमची गाडी कुठं आहे?

उतरायचं ते ओहोटीच्या दीड-दोन तास आधी, आणि पूर्ण ओहोटी झाली की परतीला लागायचं. ओहोटीनंतर 'अजून एक फोटो' नाही.

८. किनाऱ्याचा कुठला भाग टणक असतो?

जमिनीकडून समुद्राकडं जाताना तीन पट्टे लागतात. पहिला सुरूची झाडं, मर्यादवेल आणि कोरड्या वाळूचे उंचवटे. इथं चाक घालायचंच नाही. मर्यादवेलीनं ती वाळू धरून ठेवलेली असते. वेल तुटली की वारा वाळू उडवतो आणि पुढं लाट गावात येते. नाव उगाच मर्यादवेल नाही. दुसरा, भरतीच्या कचऱ्याच्या रेघेच्या वरचा कोरडा, भुसभुशीत पट्टा. सगळ्यात जास्त गाड्या इथं रुततात. तिसरा, कचऱ्याच्या रेघेखालचा ओला, दाबलेला पट्टा. पायाचा ठसा जेमतेम उमटतो, तिथं टणक. टाच टेकताच ठशाभोवती पाणी जमायला लागलं तर पुढं जाऊ नका. अगदी लाटेच्या काठाला वाळू परत मऊ होते.

ठोकताळा असा : किनारा सपाट आणि वाळू बारीक तर टणक, उतार उभा आणि वाळू जाड दाण्याची तर मऊ. काशिदसारखी पांढरी सुंदर वाळू फोटोला छान, पण वरचा थर दगा देतो.

खाडीच्या मुखापाशी आणि किनाऱ्यावरून समुद्रात जाणाऱ्या ओहोळांपाशी विशेष सांभाळा. वरून तो पाटाच्या पाण्यासारखा दिसतो, आत वाळू पाण्यानं फुगलेली असते. आधी माणूस चालत जाऊ दे, त्याचा पाय घोट्याच्या वर गेला तर गाडी नाही. आणि मागच्या वर्षीची वाट या वर्षी नसते. पावसाळ्यात समुद्र किनाऱ्याची वाळू ओढून नेतो, दिवाळीनंतर हळूहळू परत टाकतो, दरवर्षी वेगळ्या ठिकाणी.

९. फोर-हाय की फोर-लो? कुठला गिअर?

कोरडा पट्टा लागण्याआधी, रस्त्यावरच फोर-हाय (चारही चाकांना जोर, नेहमीची गती) टाका. दुसऱ्या गिअरमध्ये, एकसारख्या गतीनं, न थांबता ओलांडा. कोरड्या वाळूत मध्येच गिअर बदलायला क्लच दाबला की गाडी तिथंच बसते. फोर-लो (चारही चाकांना जोर, गती कमी आणि ओढ जास्त) रुतल्यावर, हळू बाहेर काढायला. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करता येत असेल तर बंद करा, नाहीतर चाक जरा घसरलं की यंत्रणा ब्रेक लावते आणि सगळी गती जाते. थांबायचं असेल तर ब्रेक न दाबता गाडी आपोआप थांबू द्या, तोंड उताराकडं ठेवून. ब्रेक दाबला की चाकापुढं वाळूची पाळ तयार होते आणि निघताना तीच आडवी येते. वळण मोठं घ्या. एसी बंद, काट्यावर लक्ष. वाळूत इंजिन ओढून-ओढून तापतं. डांबरीवर आलात की लगेच टू-व्हील. फोर बाय फोरमध्ये डांबरीवर वळणं घेत राहिलात तर गिअरबॉक्स कुरकुरतो, आणि ती कुरकुर शेवटी माझ्याच पिटावर येते.

१०. लाटेतून पाणी उडवत जाताना रील काढायची आहे, एकदाच.

नाही. जून २०२४ मध्ये गुजरातेत मुंद्रा इथं दोन थार अशाच रीलसाठी पाण्यात घातल्या, अडकल्या आणि पोलिसात गुन्हा दाखल झाला. कंपनीच्या माहितीपत्रकात 'इतक्या मिलिमीटर पाण्यातून जाते' असं लिहिलेलं असतं ते साचलेल्या गोड्या पाण्याचं. लाट माघारी जाताना टायरखालची वाळू घेऊन जाते. गाडी दोन मिनिटं उभी राहिली की चारही चाकं वीतभर खाली, प्रत्येक लाटेनं आणखी. खाऱ्या पाण्याचं काय होतं ते प्रश्न १७ मध्ये.

११. रुतलीच. पहिलं काय करायचं?

इंजिन बंद करा आणि खाली उतरा. खरंच एवढंच पहिलं. मी हे केलं नव्हतं म्हणून सांगतो.

दापोली तालुक्यातला एक किनारा, जानेवारी, माझी जुनी एमएम ५४० जीप, बरोबर दोन चुलतभाऊ. कोरड्या पट्ट्यात मागचं चाक बसलं. मी परभणीचा, मी रेस दिली. एक भाऊ मागून ढकलत होता, त्याच्या तोंडावर वाळूचा फवारा बसला. मी आणखी रेस दिली. मागचा एक्सल वाळूला टेकला, सायलेन्सरनं वाळूत भोक पाडलं आणि धूर वाळूतून वर यायला लागला. तेवढ्यात जाळं खांद्यावर टाकलेले एक वयस्क कोळी बाबा आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि टायरवर अंगठा दाबून म्हणाले, "हवा सोडा हो, दगड झालाय." चारही टायरची हवा किल्लीच्या टोकानं सोडली, हातानं वाळू उपसली, आणि जीप फोर-लोवर ज्या वाटेनं आत आली त्याच वाटेनं मागं निघाली. चहा घ्या म्हटलं तर थांबले नाहीत, ओहोटी गाठायची होती त्यांना.

तेव्हापासूनचा क्रम. हवा १२-१४ वर आणा. खोऱ्यानं चाकांच्या पुढची नव्हे, ज्या दिशेला निघायचं त्या बाजूची वाळू उतरत्या उतारानं काढा. पोटाखाली एक्सल टेकला असेल तर तिथलीही काढा, नाहीतर चाकं कितीही मोकळी केली तरी गाडी पोटावर तरंगते. चाकाखाली रिकव्हरी बोर्ड (चाकाला पकड देणाऱ्या खाचांच्या पट्ट्या), नसतील तर गाडीतले मॅट, बारदान. ओली वाळू जवळ असेल तर पाटीभर आणून चाकाखाली दाबा. निघताना शक्यतो रिव्हर्स, आपल्याच चाकोरीवरून. ती वाट आधीच दाबलेली असते. मागं कुणी उभं राहायचं नाही.

सोबत असावं : खोरं, घड्याळी गेज, कॉम्प्रेसर, दोन बोर्ड, दोर (पुढचा प्रश्न), वीस लिटर पाणी. जॅकखाली ठेवायला फूटभर रुंद जाड फळी. वाळूत जॅक एकटा लावला तर गाडीऐवजी जॅक खाली जातो.

१२. ट्रॅक्टरनं किंवा दुसऱ्या गाडीनं ओढली तर?

ओढा, पण गावात ओढतो तशी नाही. आपल्याकडं चऱ्हाट नाहीतर साखळी कुठंही अडकवतात, बंपरला, ट्रॉलीच्या गोळ्याला, आणि ट्रॅक्टर हिसका देतो. साखळी किंवा पोलादी दोर तुटला तर परत येतो तो चाबकासारखा, आणि ट्रॉलीचा गोळा निखळला तर तो तोफगोळाच. गाडीच्या चेसिसला कंपनीनं दिलेल्या हुकालाच, योग्य क्षमतेच्या शॅकलनं (पिन लावून बंद होणारी लोखंडी कडी) जोडा. दोर ताणणारा, नायलॉनचा असावा. मध्यावर जुनी वाकळ ओली करून टाका; दोर सुटला तर ती त्याला खाली ओढते. दोराच्या दीडपट अंतरात माणूस नको. आणि ओढायच्या आधी वाळू काढलेली असावी (प्रश्न ११). ट्रॅक्टरला वाळूचा ढीग ओढायला लावला तर हूक तुटतो, नाहीतर ट्रॅक्टरही रुततो. मी दोन्ही पाहिलंय.

१३. पाणी चढत आलंय आणि गाडी निघत नाही. आता?

माणसं आधी बाहेर, कागदपत्रं आणि मोबाईल बरोबर. वस्तीत जा, सरपंच किंवा मच्छिमार सोसायटीच्या लोकांना सांगा, ट्रॅक्टर किंवा जेसीबी कुठून येईल ते त्यांनाच माहीत. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढता आली तर काढा. पाणी गाडीला लागल्यावर चालू करायचा प्रयत्न नाही. इंजिनात पाणी ओढलं गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद इंजिनात गेलेलं पाणी निदान काढता येतं. आणि पाण्यात उभं राहून खोरं मारायचं नाही, गाडी लाटेनं सरकते.

१४. रात्री हेडलाइटमध्ये मजा येईल ना?

नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवं रात्री याच वाळूत अंडी घालायला येतात. वेळास, आंजर्ले, केळशी, गुहागर ही त्यांची ठिकाणं. वेळासला २००२ पासून गावकरी आणि संस्था मिळून घरटी राखतात. पन्नासएक दिवसांनी पिल्लं निघतात ती समुद्रावरच्या उजेडाकडं चालत. हेडलाइट दिसला की उलटी फिरतात. गाडीच्या चाकोरीची खोली पिल्लाला विहिरीसारखी. हे कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. पिल्लं बघायचीच असतील तर मार्चच्या आसपास वेळासला पायी जा, पोरांना घेऊन.

१५. किनाऱ्यावर भाड्यानं एटीव्ही (चार फुगीर चाकांची उघडी गाडी) मिळते. मुलाला बसवू का?

भाड्यानं देणाऱ्याला आधी विचारा : नंबर आहे का, विमा आहे का, हेल्मेट आहे का. तीनपैकी दोन 'नाही' आली तर उंटावर बसवा.

१६. गाडी समुद्रात गेली तर विमा मिळतो?

पूर्ण कोरडं उत्तर कुणी देणार नाही, पॉलिसी वाचावी लागते. पण दोन गोष्टी. पाण्यात इंजिन चालू करून ते जाम झालं, तर साध्या पॉलिसीत साधारणपणे ते धरत नाहीत, इंजिन संरक्षणाची वेगळी पुरवणी लागते. आणि मनाईचा फलक, पोलिसातला गुन्हा आणि तुमचीच रील, तिन्ही सर्व्हेअरच्या फाइलला लागले तर पुढचं तुम्हीच ओळखा. लोक रील आधी टाकतात आणि क्लेम नंतर.

१७. परत आल्यावर धुवायची कशी? आमच्याकडं बोअरचं खारट पाणी आहे.

बोअरचं पाणी खारं म्हणतो ते चहा नासण्याइतकं. समुद्राच्या एका लिटरमध्ये पस्तीस ग्रॅम मीठ असतं. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतील, पण मीठ निघून जाईल, म्हणून बिनधास्त वापरा. उशीर मात्र नको. पहिली धुलाई कोकणातच, निघायच्या दिवशी, खालून प्रेशरनं. परभणीपर्यंतच्या साडेपाचशे किलोमीटरमध्ये मीठ वाळून सांध्यांत बसतं. घरी आल्यावर दुसरी, दोन दिवसांनी तिसरी.

कुठं मारायचं : चेसिसच्या पोकळ पट्ट्यांच्या भोकांतून आत, मडगार्डच्या आतल्या कडेला, ब्रेकच्या मागं, स्प्रिंगच्या पानांमध्ये, रेडिएटरवर (पुढून नव्हे, आतून बाहेर, हलक्या धारेनं). रबरी मॅट काढून खालची वाळू झाडा. ओली वाळू कार्पेटखाली राहिली तर पत्रा आतून खातो, वरून काहीच दिसत नाही. एअर फिल्टर उघडून बघा. जुन्या जीप-बोलेरोला प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस मारून घ्या, जुनं ग्रीस काळं-करडं बाहेर येईपर्यंत. उन्हाळ्यात गावात टँकर चालू असताना गाडीवर तीनदा पाणी ओतणं जिवावर येतं, मान्य. त्यासाठीच म्हणतो, पहिली धुलाई तिथं करून या.

१८. आधी गोदावरीच्या वाळूत सराव केला तर?

कल्पना वाईट नाही, जागा वाईट आहे. पैठणपासून नांदेडपर्यंत गंगेच्या (आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात) पात्रात वाळूउपशाचे खड्डे आहेत, वरून थोडं पाणी आणि गाळ, आत पुरुषभर खोल. दुसरं, नदीत फोर बाय फोर उतरली की तलाठ्याला वाटतं वाळू भरायला आली. तहसीलला समजावत बसावं लागतं. धरणातून पाणी सुटलं तर वेगळंच. सराव करायचाच तर ओळखीच्या माणसाच्या रानात, बांधकामासाठी आणलेल्या वाळूच्या पसरट ढिगावर हवा कमी-जास्त करून बघा : ३२ वर किती रुततो, १८ वर किती. दहा मिनिटांत जे कळतं ते मला दापोलीत दोन तासांनी कळलं.

१९. कोकणातून येऊन तीन आठवडे झाले. ब्रेक दाबला की खर्र आवाज येतो.

आल्यावर दुसऱ्या दिवशी येणारा आवाज बहुतेकदा डिस्कवरच्या पातळ गंजाचा, चार-पाच वेळा ब्रेक लावले की जातो. तीन आठवड्यांनी येत असेल तर पॅड आणि डिस्कच्या मध्ये वाळूचे दाणे बसलेत, नाहीतर कॅलिपरची (पॅड दाबणाऱ्या भागाची) पिन मिठानं जाम झालीये. चाक हातानं फिरवून बघा, एक जड फिरत असेल तर पिन. ड्रम असेल तर उघडावाच लागतो; आत ओंजळभर वाळू निघालेली मी पाहिलीये. चाक हलवल्यावर खुळखुळत असेल तर बेअरिंग. तसंच चालवत राहू नका, सोमवार सोडून कधीही घेऊन या, आणि येताना धुवून आणा.